माझ्या सासऱ्यांचा बुद्ध्यांक

माझी मुलगी वर्गात तोंड उघडत नाही, हे शाळेतून पहिल्यांदा कळलं तेव्हा मला खरं तर जरा आनंदच झाला. घरी ती उठल्यापासून झोपेपर्यंत बोलायची, आणि मधूनमधून झोपेतही. कुठेतरी ती गप्प बसते म्हणजे तिला गप्प बसता येतं, एवढाच अर्थ मी काढला. पण समोर बसलेल्या वर्गशिक्षिकेचा चेहरा आनंद व्हावा असा नव्हता.

"काहीही विचारा, नुसती बघत बसते," त्या म्हणाल्या. "पाच आणि तीन किती, विचारलं. बघत बसली. हा रंग कोणता, विचारलं. बघत बसली."

प्रिन्सिपल मॅडम शेजारीच होत्या. त्यांनी 'स्लो लर्नर' हे दोन शब्द इतके हळू उच्चारले की मला ते दोनदा ऐकावे लागले. मग म्हणाल्या, "आम्ही आमच्या मनाने काही म्हणत नाही. पण एकदा आयक्यू टेस्ट करून घ्या. रिपोर्ट आणा. तिसरीत कुठल्या तुकडीत बसवायचं ते मग ठरवू."

रोह्यातली ही इंग्रजी माध्यमाची शाळा, आणि मुलगी दुसरीत. घरी आल्यावर मी तिला समोर बसवलं.

"बाईंनी पाच आणि तीन किती विचारलं, तेव्हा बोलली का नाहीस?"

"बाईंना माहीत होतं."

"काय माहीत होतं?"

"आठ. त्यांनीच फळ्यावर लिहिलं होतं आणि मग हाताने झाकलं. मग मला कशाला विचारतात?"

या हिशेबात मला चूक सापडली नाही. मी बी.कॉम. आहे.

नवऱ्याची धाटावच्या कंपनीत शिफ्ट ड्युटी. तो म्हणाला, "करून टाकू टेस्ट, काय होतंय त्यात." खरा प्रश्न सासऱ्यांचा होता. ते तशाच एका कंपनीतून ऑपरेटर म्हणून निवृत्त झालेले. आमच्या घरात बुद्धीचं खातं त्यांच्याकडे होतं. तरुणपणी ते शेतातून थेट कंपनीच्या भरतीच्या परीक्षेला गेले होते, पायाला चिखल तसाच. तिथे सगळ्या पोरांत ते पहिले आले आणि मुलाखत घेणारा साहेब त्यांना म्हणाला, "तुझं डोकं इंजिनिअरचं आहे." ही गोष्ट मी लग्नाच्या आधी ऐकली होती, लग्नात ऐकली होती आणि लग्नानंतर तर कुठल्याही निमित्ताने ऐकत होते. मिक्सर कुठल्या कंपनीचा घ्यायचा इथपासून गावच्या बांधाचा तंटा कसा सोडवायचा इथपर्यंत शेवटचा शब्द त्या साहेबाच्या जोरावर सासऱ्यांचा असायचा.

"आपल्या घरात मंद?" ते म्हणाले. "मंद येणार कुठनं?"

आणि माझ्याकडे बघितलं. माझं माहेर पेणजवळच्या जिते गावचं. सासूबाईही बाहेरच्याच, निडीकडच्या, पण त्यांना या घरात येऊन इतकी वर्षं झाली होती की त्यांच्यावरचा संशय केव्हाच फिटला होता.

टेस्ट पेणला होती. पनवेलहून एक मानसशास्त्रज्ञ बाई दर शनिवारी पेणला येऊन बसायच्या. नवऱ्याची पहिली पाळी होती, म्हणून सासरे आमच्याबरोबर निघाले. सोबत म्हणून नाही, लक्ष ठेवायला. रोह्याहून सकाळची गाडी धरली. मुलगी खिडकीत बसून दिसेल त्याच्यावर बोलत होती आणि सासरे तिला मध्येच पाढे विचारत होते. ती पाढ्यांची उत्तरं देत नव्हती.

खाली पापड-कुरडयांचं दुकान आणि वर ही खोली. बाई अगदी तरुण होत्या, पंजाबी ड्रेस, केसांची साधी पोनी. सासरे त्यांना म्हणाले, "नमस्कार, डॉक्टरीणबाय."

"मी डॉक्टर नाही, काका."

"असू दे. व्हाल."

मुलीला आत घेतलं आणि दार लावलं. आम्ही बाहेर बाकड्यावर. आता ती नुसती बघत बसणार, अशी मला काळजी होती. पण दाराआडून तिचा आवाज येत होता आणि तो थांबतच नव्हता. बाईंचा एखादा शब्द, मग हिची रांग. सासऱ्यांनी कान दाराकडे वळवला. मी त्यांना खुणेने नको म्हटलं. त्यांनी मला खुणेने गप्प बसवलं.

बऱ्याच वेळाने ती बाहेर आली ती उड्या मारतच.

"आई, या बाईंना खरंच काही माहीत नाही," ती म्हणाली. "मी सांगते ते सगळं लिहून घेतात."

बाई हसल्या. रिपोर्ट पुढच्या शनिवारी मिळेल म्हणाल्या. मी चपला घालायला वाकले तर सासरे दारातच उभे.

"ही टेस्ट मोठ्या माणसांची पण असते काय?"

"असते. मोठ्यांची वेगळी असते. का?"

"माझी घ्या."

"काका, तुम्हाला कशासाठी हवी?"

"घराण्याची बुद्धी एकदा कागदावर आलेली बरी," सासरे म्हणाले, आणि परत एकदा माझ्याकडे बघितलं.

बाईंनी त्यांना दोन-तीन प्रकारे समजावलं. गरज नसताना कशाला, वेळ फार लागतो, पैसे पडतात. ज्या गोष्टीला लोक नको म्हणतात तिच्यात काहीतरी दडलेलं असतं, असं सासऱ्यांचं कायमचं मत होतं. शेवटी बाईंनी पुढच्या शनिवारची वेळ दिली.

तो आठवडा सासऱ्यांनी अभ्यास केला. शेजारच्या मुलाकडून पोलीस भरतीचं गाईड आणलं. नद्या, राजधान्या, कुणी कशाचा शोध लावला असलं काय काय मोठ्याने पाठ करत ओट्यावर बसायचे. सासूबाई तांदूळ निवडता निवडता म्हणाल्या, "पोलिसात घेतायत काय तुमाला?"

शनिवारी त्यांनी दाढी केली आणि निवृत्तीच्या दिवशी घातलेला पांढरा शर्ट घातला. या वेळी मुलीला सासूबाईंकडे ठेवलं होतं. आत ते गेले आणि मी बाकड्यावर. मुलीच्या वेळी मला शब्द कळले नव्हते. सासऱ्यांचा आवाज मात्र कंपनीतल्या मशीनवर चढवलेला. सगळं स्वच्छ ऐकू येत होतं.

"होडी आणि सायकल यांत सारखं काय?"

"कायच नाय."

"जरा विचार करून सांगा."

"विचार केला. होडीला हवा भरत नाय. तुम्ही बसलात काय कधी होडीत?"

मग ठोकळे आले असावेत, कारण सासरे म्हणाले, "हे घड्याळ कशाला लावलंय?"

"वेळ बघायचा असतो, काका. जमेल तेवढं लवकर करा."

"आमच्या प्लँटमध्ये लवकर करणाऱ्याचं बोट गेलं," सासरे म्हणाले, आणि त्यानंतर आतून नुसता ठोकळ्यांचा आवाज येत राहिला, सावकाश, एकेक. मग आकडे उलटे म्हणायला सांगितल्यावर त्यांनी विचारलं की तुमच्याकडे फोन उलटा लावतात काय. राजधान्या एकदाही कुणी विचारल्या नाहीत. बाहेर आले तेव्हा शर्ट घामाने पाठीला चिकटला होता.

"काय शिकवतात यांना," एवढंच म्हणाले.

मुलीचा रिपोर्ट त्याच दिवशी बाईंनी मला आत बोलावून समजावला. मुलगी मंद नव्हती. ती इतकी मंद नव्हती की मीच घाबरले. आकडा मी इथे लिहीत नाही. त्याने जेवढा उच्छाद मांडायचा तेवढा मांडून झाला आहे. बाई म्हणाल्या, "हा आकडा तिच्या अंगावर घालू नका. तिला ज्याचं उत्तर तुम्हाला माहीत नाही असं काहीतरी विचारत जा, एवढंच शाळेला सांगा." मी मान डोलावली. मी जिना उतरेपर्यंत सासऱ्यांनी तो आकडा माझ्या हातातल्या कागदावर वाचला होता आणि खालच्या पापडवाल्याला सांगितलाही होता.

त्यांचा स्वतःचा निकाल आणायला आम्ही आणखी एका शनिवारी गेलो. बाईंनी कागद त्यांच्यापुढे ठेवला.

"तुमचं सगळं व्यवस्थित आहे, काका. सरासरीत आहात."

"म्हणजे पास?"

"यात पास-नापास नसतं. बहुतेक माणसं जिथे असतात तिथे तुम्ही आहात."

"बहुतेक माणसं?"

खोलीची खिडकी रस्त्याकडे होती. खाली शनिवारची गर्दी, पिशव्या घेतलेली, रिक्षा थांबवणारी, पापडाचा भाव करणारी. सासऱ्यांनी तिकडे बोट केलं.

"ही?"

"हो," बाई म्हणाल्या. "आणि मीसुद्धा, बहुधा."

परतीच्या गाडीत ते खिडकीशी बसले. निडी गेल्यावर खिडकीतून बाहेर बघतच म्हणाले, "साहेब कशाला खोटं बोलला असंल?"

इतकी वर्षं त्या साहेबाची गोष्ट ऐकून मी कंटाळले होते. ती खोटी पडावी असं मात्र मला कधीच वाटलं नव्हतं, हे मला त्या गाडीत कळलं. मी पाण्याची बाटली पुढे केली. त्यांनी घेतली नाही.

घरी सासूबाईंनी दारातच विचारलं, "काय आलं?"

"सरासरी."

"म्हंजे?"

"सगळ्यांसारखं."

"मग बरंय की," सासूबाई म्हणाल्या. "बघायला आलेले तवा माझ्या बापाला तेवढंच सांगितलेलं, पोरगा चारचौघांसारखा हाय. म्हणून तर दिली मला."

यात त्यांनी काही टोमणा मारला नव्हता. पण सासरे त्या रात्री जेवले नाहीत.

मुलीचा रिपोर्ट मी शाळेत दिला. प्रिन्सिपल मॅडमनी कागद उघडला, त्यांची नजर खाली उतरत आकड्यापाशी गेली आणि तिथेच थांबली. त्यांनी मला बसायला सांगितलं. मागच्या वेळी मी उभी होते. चहा आला.

"आम्हाला वाटलंच होतं," त्या म्हणाल्या.

बाईंनी सांगितलेला प्रश्नांचा निरोप मी पोचवला. मॅडमनी तो ऐकला की नाही ठाऊक नाही, त्या कुणाला तरी फोन लावत होत्या. पुढच्या आठवड्यात मुलगी पहिल्या बाकावर गेली. शाळा सुटल्यावर तिच्यासाठी गणिताची जादा बॅच, शनिवारी अबॅकस, रविवारी कसल्या तरी ऑलिम्पियाडची तयारी. प्रवेशद्वारापाशी काचेच्या फळ्यावर तिचा फोटो लागला आणि त्याखाली 'आमचा अभिमान'. फोटोतही ती नुसती बघत बसली होती.

ती ढ होती तोवर तिच्या चुका कुणाच्या डोळ्यांवर येत नव्हत्या. आता वर्गशिक्षिका वहीवर लाल पेनने लिहून पाठवू लागल्या, 'इतका आयक्यू असून स्पेलिंग चुकते?' गल्लीतल्या बायका मुलांना आमच्या दारात आणून म्हणायच्या, "बघ, हिच्याकडे बघ." मुलं बघायची. त्यांतलं कुणी मग खेळायला येईना. उत्तर न देण्याला पूर्वी मंदपणा म्हणत, आता माज म्हणू लागले. शाळेत तिचं बोलणं नव्हतंच. हळूहळू घरातलंही थांबलं. आमच्या घरात दुपारी पंख्याचा आवाज ऐकू येऊ लागला, जो मी लग्न होऊन आल्यापासून नीट ऐकला नव्हता.

एका संध्याकाळी वेणी घालताना ती आरशाकडे बघत म्हणाली, "आई, मला परत ढ होता येईल का?"

दुसऱ्या दिवशी मी शाळेत गेले आणि तिला जादा बॅचमधून काढा म्हणून सांगितलं.

"पालकच मुलांच्या बुद्धीच्या आड येतात, हे आमचं दुर्दैव," प्रिन्सिपल मॅडम म्हणाल्या. "असा आकडा वाया घालवायचा नसतो."

मी रडत घरी आले. नवऱ्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, चार दिवसांनी थंड होईल. सासरे ओट्यावर पेपर धरून बसले होते. पेणहून आल्यापासून ते कुठल्याच गोष्टीत बोलत नसत. मिक्सर बिघडला तेव्हाही बोलले नव्हते.

सकाळी बघते तर पांढरा शर्ट अंगात आणि हातात त्यांचा तो पेणचा लिफाफा.

"शाळेत जाऊन येतो," म्हणाले.

भांडण होणार म्हणून मी गॅस बंद करून तशीच मागोमाग निघाले. ऑफिसात शिरेपर्यंत त्यांनी मागे वळून बघितलं नाही. प्रिन्सिपल मॅडमपुढे लिफाफा ठेवून ते खुर्चीच्या कडेवर टेकले.

"मॅडम, घोळ झाला."

"कसला घोळ?"

"पेणला दोघांची टेस्ट केली होती, पोरीची आणि माझी. आडनाव एक. नावं इकडची तिकडं पडली. तुमच्याकडं आला तो रिपोर्ट माझा. पोरीचा हा."

मॅडमनी कपाटातून मुलीची फाईल काढली आणि दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले. संपलं, म्हटलं. कारण दोन्हींवर वय छापलेलं होतं. एकावर सात वर्षं, दुसऱ्यावर सदुसष्ट. सासऱ्यांच्या कागदावर तर 'निवृत्त कामगार' असंही होतं. शिवाय मुलांची टेस्ट वेगळी आणि मोठ्यांची वेगळी, ते नावही वर ठळक लिहिलेलं. एक ओळ वाचली असती तरी पुरे होतं.

मॅडमनी एका कागदावरचा आकडा वाचला. मग दुसऱ्यावरचा. आणि त्यांच्या कपाळावरची आठी हळूहळू सुटली.

"तरीच," त्या म्हणाल्या. "आम्हाला वाटलंच होतं."

मग त्यांनी मान वर करून सासऱ्यांकडे पाहिलं आणि त्यांचा आवाज बदलला.

"म्हणजे काका, हा आकडा... तुमचा?"

"व्हय," सासरे म्हणाले आणि त्यांनी मान खाली घातली. माझ्या सासऱ्यांना विनय सुचलेला मी पहिल्यांदा पाहत होते. "आम्ही कुठं कुणाला सांगतो."

या वेळीही चहा आला.

रस्त्यावर आल्यावर मी म्हटलं, "बाबा, हे काय केलंत?"

"पोरीला सोडवली."

"आणि तो आकडा?"

"तो कुणाच्या तरी नावावर पडायलाच पायजे ना गो," ते म्हणाले. "उगाच मोकळा कशाला सोडायचा?"

ते पुढे चालत होते आणि त्यांची चाल बघून मला नक्की सांगता येईना की हे त्यांनी नातीसाठी केलं, की त्या साहेबासाठी. त्यांनाही सांगता आलं असतं असं वाटत नाही.

मला पेणच्या बाईंची काळजी लागली. त्यांची काही चूक नसताना नाव खराब व्हायचं. मी घरी आल्या आल्या फोन करून सगळं सांगितलं.

"शाळेतून मला विचारलं तर मी खरं काय ते सांगणार," त्या म्हणाल्या.

"सांगा," मी म्हटलं.

कुणी विचारलं नाही. अजूनही नाही.

काचेच्या फळ्यावरचा फोटो त्याच आठवड्यात उतरला. जादा बॅच सुटली, पहिला बाक सुटला. मुलगी मधल्या बाकावर, खिडकीशी जाऊन बसली आणि गल्लीतली मुलं परत आमच्या अंगणात आली. पुढे तिसरीत तिला नवीन बाई मिळाल्या. त्यांना सवय होती सोमवारी सकाळी एकेकाला विचारायची, काल काय केलंस. त्याचं उत्तर बाईंना ठाऊक नसायचं. मुलगी सांगू लागली. मार्क तिला बरे पडतात, कधी कमी पडतात, आणि कुणी त्याचं आश्चर्य करत नाही.

आश्चर्य सगळं सासऱ्यांच्या वाट्याला आलं. बातमी शाळेतून निघून आमच्या आधी बाजारात पोचली होती. रिक्षावाले त्यांना "या, आयक्यूकाका" म्हणून पुढे बसवायचे. लोक सल्ल्याला येऊ लागले: मुलाला सायन्सला घालू की डिप्लोमाला, जागा आता विकू की थांबू, बोअर कुठे मारू. सासरे पूर्वी तडकाफडकी मत द्यायचे. आता ते डोळे मिटून गप्प बसत आणि मग म्हणत, "बघा तुमाला काय वाटतं ते." लोकांना हा सल्ला फार आवडायचा. बोअरला पाणीही लागलं एकाच्या. सासूबाई तेवढ्या वैतागल्या. "सगळ्यांसारखे होते तवा मासळी तरी आणायचे," म्हणाल्या.

मग शाळेने त्यांना पालक मेळाव्याला पाहुणे म्हणून बोलावलं. विषय 'मुलांची बुद्धी कशी वाढवावी'. मी त्यांना जाऊ नका म्हणून विनवलं. ते गेले. मी मागच्या रांगेत जीव मुठीत धरून बसले होते. प्रिन्सिपल मॅडमनी ओळख करून देताना आकडा सांगितला, आणि हॉलमध्ये कुजबुज उठली.

सासऱ्यांनी माईक हातात घेतला. आता तो साहेब येणार, चिखलाचे पाय येणार, असं मला वाटलं. त्यांनी समोरच्या सगळ्या तोंडांवरून एकदा नजर फिरवली.

"खरं सांगू काय," ते म्हणाले, "मी चारचौघांसारखा माणूस हाय. मला जास्त काय समजत नाय."

आणि टाळ्यांचा असा कडकडाट झाला की सासरे दचकून मागे सरकले. माझ्या शेजारची बाई डोळे पुसत म्हणाली, "मोठी माणसं अशीच असतात हो."

त्यांनी हात वर करून थांबवायचा प्रयत्न केला. "नाय नाय, खरंच सांगतो," ते माईकमध्ये म्हणाले. टाळ्या वाढल्या. मग ते दुसरं काही बोललेच नाहीत. नारळ घेतला, शाल घेतली आणि खाली उतरून माझ्या शेजारी येऊन बसले.

"आयकत नाय कोण," हळूच म्हणाले.

आम्ही निघताना एक बाई लगबगीने पुढे आली. तिला लगटून एक लहान मुलगा, शर्टाचं बटण तोंडात धरलेला.

"काका, याची पण टेस्ट करा म्हणतायत शाळेतनं. पेणला. नेऊ काय?"

सासऱ्यांनी त्या मुलाकडे बराच वेळ पाहिलं. मुलानेही त्यांच्याकडे पाहिलं.

"ने," ते म्हणाले. "ती बाय चांगली हाय. सांगतो ते आयकून घेते."

"आणि रिपोर्ट?"

"रिपोर्ट कुणाला दाखवू नको."

बाईने मान हलवली, आणि पर्समधून मोबाईल काढून माझ्याकडे पेणच्या बाईंचा नंबर मागितला.